केनियाहून भिगवणला

माझा धाकटा भाऊ साखर कारखान्यात पॅनमन होता. उसाच्या रसाचा पाक शिजवून त्याचे दाणे पाडणारा तो पॅनमन. आमच्या भागातली अशी माणसं त्या काळी आफ्रिकेतल्या कारखान्यांतही जात. तो केनियात गेला, तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं आणि तसं पत्राने कळवलं. कोऱ्हाळ्याला आमच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ते पत्र माझ्याकडून एकदा वाचून घेतलं. त्यानंतर त्याची जी पत्रं आली, ती त्यांनी वाचू दिली नाहीत.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. भावजय धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर गेल्याचं आम्हाला दुसऱ्यांच्या तोंडून आधी कळलं होतं. चार वर्षांनी भावाच्या कारखान्यातल्या गुजराती स्टोअरकीपरचं पत्र आलं. ताप डोक्यात जाऊन भाऊ गेला होता. मागे आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा होता. मुलांची तिकडची आजी म्हणत होती की ती आता थकली आहे आणि मुलं बापाच्या घरची आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा मला म्हणाले, "जाऊन या दोघं."

आम्ही दोघं म्हणजे मी आणि माझी बायको. मी इंदापूरला हायस्कुलात मराठी शिकवत होतो. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. लोकांना वाटलं, देवानेच गाठ घालून दिली. आम्हाला तसं काही वाटलं नाही. पासपोर्ट काढायचा होता, रजा मंजूर करून घ्यायची होती, आणि बायकोला विमानाची भीती वाटत होती. त्यातच दोन महिने गेले.

केनियातल्या त्या गावात आम्ही बारा दिवस राहिलो. उसाचे फड, चिपाडांचा वास, बैलगाड्यांऐवजी ट्रॅक्टर. कोर्टातल्या एका लांबट खोलीत आम्ही दत्तकाच्या कागदांवर सह्या केल्या. मुलगी आपल्या धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बाकावर बसली होती आणि आमच्या हातांकडे बघत होती. ती आमच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. स्टोअरकीपर तिच्याशी तिकडच्या भाषेत बोले, तर ती मान हलवी. तिला मराठी येत नसणार असं आम्ही धरून चाललो होतो.

निघायच्या दिवशी त्यांची आजी अंगणात स्टुलावर बसून होती. उंच, काटक बाई. तिने स्टोअरकीपरमार्फत दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, आमच्याकडे गुरं आहेत का. मी म्हणालो, दोन गाई आहेत, एक म्हैस आहे. तिने मान हलवली. दुसरी, आम्ही मुलांना मारणार का.

मी शिक्षक माणूस. छडी माझ्या टेबलावर रोज असे. बायको मधेच म्हणाली, "नाही मारणार. सांगा त्यांना." स्टोअरकीपरने सांगितलं. आजीने दोन्ही मुलांच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि ती उठून घरात गेली. आमची गाडी सुटेपर्यंत बाहेर आली नाही.

विमानात मुलगा सारखा झोपत होता. मुलगी जागी होती. मी तिला खुणेने पट्टा बांधायला शिकवू लागलो. तिने माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, "मला येतंय. त्येचा बांधा, त्यो उठंल न्हाईतर."

मी बायकोकडे बघितलं. अस्सल कोऱ्हाळ्याची बोली. वर्गात मी रोज जी सुधारत असे, तीच. भाऊ घरात मुलांशी असंच बोलत असला पाहिजे. दुसरं मराठी त्याला येत तरी कुठं होतं?

"तुला मराठी येतं?" बायकोने विचारलं.

"येतं की."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुमी इच्यारलंच न्हाय."

ते खरं होतं. आम्ही बारा दिवस तिच्याबद्दल स्टोअरकीपरला विचारत होतो.

आता वाटतं, तेव्हा तरी मला भरून यायला हवं होतं. नाही आलं. बोलायची सोय झाली, एवढंच वाटलं.

मुंबईला उतरून आम्ही पुण्याला आलो. पुण्याहून मी जळोचीला मेहुण्याच्या घरी फोन केला आणि सोलापूरकडच्या पॅसेंजरने संध्याकाळपर्यंत भिगवणला उतरतो असं सांगितलं. तिथून एसटीने इंदापूर गाठायचं, मुलांना आठवडाभर स्थिरस्थावर होऊ द्यायचं आणि मग आबांकडे न्यायचं, असं आमचं ठरलं होतं.

पॅसेंजरमध्ये आमच्या समोर एक म्हातारी बसली होती. मांडीवर घोंगडीची घडी. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरं होती, आता मुलगा दौंडला रेल्वेत आहे, हे तिने आपणहून सांगितलं. डब्यातले सगळेच मुलांच्या कुरळ्या केसांकडे बघत होते, पण विचारलं फक्त तिने.

"बाय, लेकरं कुणाची गं?"

"माझ्या दिरांची," बायको म्हणाली.

"आन् दीर कुठं हायती?"

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "पप्पा वारलं. आता आमी ह्यांची हाय." मग ती बायकोकडे वळली. "तुमी कागदावर सई केलीया नव्हं? मी बघितली. मंग दिरांची कशापायी सांगता?"

ती रागावली नव्हती. शाळेत एखादी हुशार मुलगी फळ्यावरची चूक दाखवते, तशी ती बोलली. बायकोचा चेहरा उतरला. म्हातारी म्हणाली, "व्हय की, पोरीचं खरं हाय," आणि घोंगडीतून कागदाची पुडी काढून तिने दोघांच्या हातावर शेंगदाणे ठेवले. मुलाने ते एकेक करून बहिणीला मोजून दाखवले, तिकडच्या भाषेत.



भिगवणला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. फलाटावर मासळीच्या रिकाम्या पाट्या रचून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी आबा उभे होते. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. मेहुणा त्यांच्या मागे. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी नुसतं सांगायला गेलो होतो. तर म्हणाले, जीप काढ."

आबा पुढे आले नाहीत. आम्हीही जागेवरच थांबलो. मुलगी भावाचा हात धरून सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुमीच आबा व्हय?"

"व्हय."

"पप्पा म्हणायचे, तुमी लय मारता."

मेहुण्याने खाली बघितलं. आबांना मी आयुष्यात कधी गडबडलेलं पाहिलं नव्हतं. ते सावकाश उकिडवे बसले, तिच्या उंचीला आले.

"मारायचो," ते म्हणाले. "आता न्हाय मारत."

"का?"

"हात दुकत्यात."

तिने त्यांचे हात बघितले. तिला ते पटलं असावं. मग आबांनी मुलाला विचारलं, "भूक लागलीया का रं?" मुलाला शब्द कळले की नाही कोण जाणे, पण तो हो म्हणाल्यासारखी मान हलवत राहिला. आबांनी त्याला उचलून घेतलं आणि ते जीपकडे चालू लागले. आठवडाभर इंदापुरात राहण्याचा बेत तिथेच संपला. त्या संध्याकाळी आम्ही सगळे कोऱ्हाळ्याला गेलो.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. इंदापुरात शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळाच्या रकान्यात काय लिहायचं यावर हेडमास्तरांनी दोन दिवस घेतले. मुलांना वर्गात नावं ठेवली गेली. मुलगी मारामारी करून घरी येई आणि कुणाशी झाली ते सांगत नसे. मुलगा आजारी पडला की आजीच्या भाषेत बोले आणि बहीण आम्हाला अर्थ सांगे. हळूहळू तीही काही शब्द विसरली. एकदा तापात तो एकच शब्द सारखा म्हणत होता आणि तिला त्याचा अर्थ आठवेना, तेव्हा ती फार रडली. बायको तिला जवळ घेऊन बसली. मी डॉक्टरांना आणायला गेलो.

मुलगा वर्षभरात बायकोला आई म्हणायला लागला. मुलगी मात्र काकीच म्हणत राहिली. बायकोने तिला कधी सुचवलं नाही.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात दोघं पंधरा दिवसांसाठी कोऱ्हाळ्याला गेली. घर पूर्वीसारखं झालं. मी उत्तरपत्रिका तपासत होतो, बायको पापड लाटत होती. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "जरा जाऊन येऊ या का?"

"कशाला?"

"असंच."

मी पेन्सिल खाली ठेवली. आम्ही पुढच्याच एसटीने बारामतीला गेलो, तिथून दुसरी गाडी धरली. कोऱ्हाळ्यात पोचलो तेव्हा मुलं पाटाच्या पाण्यात होती, कमरेपर्यंत चिखलाने भरलेली. आम्हाला बघून मुलगी काठावर आली.

"तुमी का आला? अजून धा दिवस हायती की."

"तुम्हाला बघायला," बायको म्हणाली.

"बघितलं नव्हं?" ती म्हणाली आणि परत पाण्यात गेली. मुलाने लांबूनच हात हलवला.

आम्ही आबांकडे चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो.