चौकटीत न मावलेली अक्का

आमच्या मळमड्डीतल्या घराचं स्वयंपाकघर आठ फूट बाय सात फूट आहे. हे माप आता मला तोंडपाठ आहे. कॅमेरा घ्यायच्या आधी ते घेतलं असतं तर बरं झालं असतं. गंमत अशी की तारिहाळच्या एका कारखान्यात गेली सव्वीस वर्षं मी मोजमापाचंच काम करतो. केसभर फरक असला तरी माल परत पाठवतो. घरी मात्र टेप हातात घ्यावी, एवढं सुचलं नाही.

कॅमेरा हवा होता तो अक्कासाठी. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिला अशा मुलांच्या शाळेत घालायचं दरवर्षी अप्पांच्या मनात यायचं आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं, बहुतेक वेळा त्यांची बदली. शाळा राहिलीच. मग आईनं आणि अक्कानं मिळून हातांची एक भाषा केली. नाकावरचा चष्मा वर सरकवला की अप्पा. तळवे घुसळले की ताक. कमरेला किल्ल्या अडकवल्या की माझी बायको. आणि तोंडात अंगठा म्हणजे मी. लहानपणी चोखायचो म्हणून. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, तरी त्या भाषेत माझी बढती झाली नाही.

ही भाषा पूर्ण अशी दोघींनाच येत होती. मला त्यातले चाळीसेक शब्द यायचे: जेवण, पाणी, आंघोळ, ये, जा, पुरे. पुढचं कळेनासं झालं की मी आईला हाक मारायचो, आणि आई भाजी चिरता चिरता अक्काचं म्हणणं मला मराठीत सांगायची. कधी कन्नडातही, कारण आईचं म्हणणं, अक्का रागावली की ती कन्नडातच रागावते.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी आईचं हृदय थकल्याचं सांगितलं. औषधं दिली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, महत्त्वाचं काही राहिलं असेल तर उरकून घ्या. आईनं ते ऐकलं नव्हतं, पण तिला ऐकायची गरजही नव्हती. परत येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "माझं काही नाही रे. ती बोलणार कुणाशी?"

त्या प्रश्नावर मी शोधलेलं उत्तर म्हणजे कॅमेरा. आईचे हात चित्रात धरून ठेवायचे, एकेका खुणेचा अर्थ लिहून काढायचा. बायको म्हणाली, "अहो, फोन आहे की हातात." मी तिला समजावलं की फोन मध्येच वाजतो, आणि तो समोर धरला की आई हात पुढे करून "कुणाचा रे?" विचारते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तिसरी सांगितली नाही. तरुणपणी लग्नांत खांद्यावर कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या माणसांचा मला भारी हेवा वाटायचा. त्यांच्यासाठी नवरासुद्धा थांबायचा.

हुबळीला दुर्गदबैलाच्या मागच्या गल्लीत एक जुनं दुकान आहे. मालकानं आधी विचारलं, "मदुवी ऐतेन्री?" लग्न आहे का? नाही म्हटल्यावर त्याला माझी दया आली. हल्ली हे कोण घेतंय सर, म्हणत त्यानं आतून तीन कॅमेरे आणले. एक माझ्या ऐपतीबाहेर. दुसरा साधा, बुटका, झूम जवळजवळ नाहीच. पण घरात वापरायचा तर हाच घ्या, लहान खोलीत सगळं मावतं, असं तो प्रामाणिकपणे म्हणाला. किंमत जवळपास तिसऱ्याएवढीच. तिसऱ्याला चाळीस पट झूम होता. मी दारात उभा राहून बटण दाबलं, तर रस्त्यापलीकडच्या धान्याच्या दुकानातली पाटी डोळ्यांपुढे आली. जोंधळ्याचा भाव वाचता आला. पाटीवर बसलेली माशी दिसली. शिवाय याचा माइक फार उत्तम आहे, असं त्यानं सांगितलं, आणि ज्यांच्या बोलण्यात आवाजच नाही अशा दोन बायकांचं चित्रण करायला निघालेल्या मी समाधानानं मान हलवली.

माशी दिसणारा कॅमेरा घेऊन मी घरी आलो.

स्वयंपाकघरात पाठ भिंतीला टेकवली, तरी एका वेळी एकच बाई दिसत होती. आई चुलीकडे आणि अक्का दाराजवळ पाटावर. मध्ये जेमतेम चार फूट, पण चौकटीत दोघी येईनात. एकीला धरलं की दुसरीचा फक्त गुडघा. मग दोघींना बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसवलं. तिथं मावल्या, पण पदर सावरून, हात मांडीवर ठेवून, फोटोला बसल्यासारख्या गप्प बसल्या. आईला एकेक शब्द विचारून पाहिला. ती गोंधळली. "असं विचारून कुठलं आठवायला? हाताला येतं तेव्हा येतं." त्यांचं बोलणं शेंगा सोलताना, भाकरी थापताना, कामाच्या फटीतून व्हायचं.

तेव्हा ठरवलं, आईलाच घ्यायचं. अक्का काय, आहेच. आजही हे वाक्य आठवलं की मला स्वतःची लाज वाटते. दुकानात परत जाऊन कॅमेरा बदलून घ्यावा हेही मनात आलं होतं. पण बायकोला काय सांगणार?

अठरा दिवस रोज संध्याकाळी चित्रण केलं. दिवे लागायच्या सुमाराला आई कॅमेऱ्यासमोरच हवेत मूठ धरून आडवी ओढायची. मला वाटायचं, पुरे, बंद कर आता, असं मला सांगते आहे. मी लगेच बटण दाबायचो. बॅटरीही तेवढीच चालायची, म्हणून बरंच वाटायचं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी आई उठली नाही.

तेरावा होईपर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. पाहुणे गेले त्या दिवशी दिवे लागायच्या वेळी अक्का माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मूठ धरून आडवी ओढली आणि तळहात उघडा करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, कोंडल्यासारखं होतंय, दार उघडायला सांगते आहे. मी जाऊन मागचं दार सताड उघडलं. ती घाबरल्यासारखी मागे सरली. पुन्हा तीच खूण. मी पुढचं दारही उघडलं. अक्का भिंतीकडे तोंड करून बसली आणि जेवली नाही.

चार दिवस हेच. बायकोला भीती वाटू लागली की तिला घर सोडून जायचं आहे. मी आईला हाक मारायला दोनदा तोंड उघडलं, हे कुणाला सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी कॅमेरा टीव्हीला जोडला. अर्थ शोधायला म्हणून. आई पडद्यावर आली आणि अक्का उठून अगदी जवळ गेली. आईनं हातानं काही विचारलं, अक्कानं उत्तर दिलं. पण ती आई थांबत नव्हती, तिचं पुढचं सुरूच होतं. अक्कानं पुन्हा उत्तर दिलं, मोठ्या हातांनी. आईचं लक्ष पडद्याबाहेर कुठंतरी, त्या दिवशीच्या अक्काकडे. मला ते बघवेना. बंद करायला गेलो, तर अक्कानं माझा हात धरला.

प्रत्येक चित्रण त्या ओढलेल्या मुठीवर तुटत होतं. फक्त बाराव्या दिवशी मला फोडणीचा ठसका लागला होता आणि बटण दाबायला उशीर झाला होता. त्यात आईनं मूठ ओढली, मागच्या दाराकडे बोट केलं, आणि मग तळहात स्वतःच्या छातीवर ठेवून क्षणभर तसाच राहू दिला. कडी लावली आहे. मी आहे.

एकदा त्या दारानं माकडं आत शिरली होती. अक्काची दाराकडे पाठ होती, तिला काही कळलं नव्हतं, आणि हाताला चावा बसला होता. म्हणजे तेव्हापासून रोज दिवे लागले की ती विचारत असणार आणि आई सांगत असणार. मी समोर उभा राहून अठरा दिवस ते उत्तर चित्रित केलं होतं. प्रश्न चौकटीच्या बाहेर पाटावर बसलेला होता. बुटक्या कॅमेऱ्यात तो मावला असता.

मी उठलो. मागच्या दाराची कडी लावली. परत येऊन अक्कापुढे मूठ आडवी ओढली, दाराकडे बोट केलं आणि तळहात छातीवर ठेवला. खूण बरोबर असावी. अक्कानं अंगठा तोंडाजवळ नेला, मान हलवली, आणि त्या दिवशी भात-आमटी जेवली.

आता रोजचं झालं आहे. दिवे लागले की ती विचारते, मी सांगतो. ती मान हलवते, आणि मग उठून दाराशी जाते, कडी एकदा स्वतः ओढून बघते.

आई सांगायची तेव्हा ती जागची उठत नसे.