मुक्या घड्याळाची तक्रार आणि डोणगावची मोटार

आमच्या भिंतीवरच्या घड्याळाविरुद्ध मला जाहीर तक्रार नोंदवायची आहे. काटे चोख चालतात, वेळ बरोबर दाखवतात. पण गेले दोन महिने त्याने टिकटिकणे सोडले आहे. बुलढाण्याच्या घड्याळजींनी ते दोनदा उघडले आणि दोनदा 'बिघाड नाही' म्हणून परत केले. कामावर हजर राहून मौन पाळण्याची मुभा कचेरीतल्या बाबूंना आहे, घड्याळांना नाही.

या रागातच मी डोणगावला निघालो. तिथे तीन वाजता कापूस पिकवणाऱ्यांची सभा होती. मागच्या सभेच्या माझ्या वृत्तांतात अध्यक्षांचा समारोपच नव्हता. पुन्हा असे झाले तर 'वऱ्हाडचे पत्र' हे माझे सदर दुसऱ्याकडे सोपवू, असे संपादकांनी कळवले होते. अध्यक्ष मिशीत पुटपुटतात, त्याला मी काय करणार? असो. वेळेवर पोचायचे आणि पहिल्या रांगेत बसायचे, एवढे पक्के केले.

बुलढाण्याला रेल्वे नाही. जाणाऱ्याने सकाळी सातची सर्व्हिस मोटार धरावी. भाडे दीड रुपया. जागा पुढचीच मागावी. मागच्या बाकावर चिखलीपर्यंतची धूळ फुकट मिळते. चिखलीत भाकरी-पिठले उत्तम, ठेचा जपून.

चिखली सुटली आणि पहिल्याच चढावर मोटार दमली. शेजारी भाजीची टोपली घेऊन गंगामावशी बसल्या होत्या. त्यांनी ड्रायव्हरला हटकले, "किसना, तुही मोटार टिकटिक करून राह्यली बे!"

"हाव मावशी, कालपासून करते."

"मंग दाखवत काऊन नाही कोणाले?"

मला काहीच ऐकू आले नव्हते. वऱ्हाडी माणसाला संशय घ्यायला आवाज लागत नाही, असे मी बोलून दाखवले.

रखडत मेहकर गाठले तेव्हा साडेअकरा झाले होते. किसनाने संध्याकाळची दुसरी मोटार सुचवली. मी म्हटले, "हीच जाईल. मिस्त्रीला बोलाव."

युसुफमिस्त्री आले. नैयायिकांनी शिकावे असे त्यांचे अनुमान. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढली. दरवेळी इंजिन अडखळे. तिसऱ्या वायरीला मात्र त्याची चाल जराही बदलली नाही. ज्याच्या जाण्याने काही अडत नाही तो आधीपासूनच कामावर नव्हता, ही परीक्षा कचेऱ्यांतही लावून पाहावी.

मग त्यांनी हातभर लाकडी दांडी इंजिनाच्या झाकणावर टेकवली, ऐकले, आणि माझ्या हाती दिली. "ऐका पंडितजी. कानात नाही, कानामागच्या हाडाले दाबा."

दाबली. टिक, टिक, टिक. इतके स्पष्ट, की मी दचकून दांडी काढली. आवाज बंद. पुन्हा टेकवली. टिक, टिक.

"आता आला न भरोसा?" मावशी हसल्या. मला हसता आले नाही.

झाकण उघडले. तिसऱ्या प्लगच्या घरातला व्हॉल्व्ह पिवळ्या चिकट थराने जागीच धरला होता आणि त्याला उघडणारा दांडा वाकला होता. मिस्त्रींनी थर नखाने खरवडून हुंगला. "जवस! काय बे किसना, इंजिनात घाण्याचं तेल?"

"मोटारीचं तेल सरलं होतं. बैलगाडीच्या चाकाले लावतो तर चालते न!"

"चाकाच्या लाकडाले लावते, कारण ते सुकून चामट बसते. इथंबी तेच झालं!"

घासलेट ओतून व्हॉल्व्ह मोकळा केला, लोहाराच्या ऐरणीवर दांडा सरळ केला, खरे तेल भरले. दोनला निघालो. निघताना ती दांडी मी मिस्त्रींकडून मागून घेतली.

डोणगावला सभा दुसऱ्या ठरावावर होती. पहिली रांग मिळाली. अध्यक्षांचे ओठ हलताना दिसत होते, मिशी तर आड येत नव्हतीच, तरी शब्द कानी पडत नव्हता. सभा संपताच मी त्यांच्याकडून समारोप त्यांच्याच हाताने लिहून घेतला. हा माझा नवा शिरस्ता आहे, असे सांगितले. वृत्तांत पुरा गेला.

दुसऱ्या दिवशी घरी परतलो आणि कोट न काढताच घड्याळाच्या पेटीला दांडी टेकवली. दुसरे टोक कानामागे.

टिक, टिक, टिक.

दारातून बायकोने काहीतरी विचारले असावे. तिचे ओठ हललेले मी पाहिले.

घड्याळाविरुद्धची तक्रार मागे घेतो. मला ऐकू येईनासे होत आहे. दर सभेचा अध्यक्ष काही लिहून देणार नाही, आणि हे काम गेले तर दुसरे मला येत नाही. मला याचीच भीती वाटते.