सी वर्गातलं तेल

त्या आठवड्यात जव्हारच्या आमच्या कॉलेजात फ्लॅश पॉइंटचं प्रॅक्टिकल झालं होतं. तेल हळूहळू तापवायचं, वरून बारीक ज्योत फिरवायची आणि त्याची वाफ किती तापमानाला क्षणभर पेटते ते पाहायचं. त्यावरून तेलांचे वर्ग पडतात. पेट्रोल ए वर्गात, सगळ्यांत धोक्याचं. भट्टीत जाळतात ते जाड काळं तेल सी वर्गात. ते पासष्ट अंशांच्या वर तापल्याशिवाय पेट घेत नाही. घरी सांगण्यासारखं काहीतरी आपण शिकलो, असं मला पहिल्यांदाच वाटलं होतं.

रविवारी बाची भाकरी घेऊन खोडाळ्याकडच्या रस्त्याच्या कामावर गेले. बा तिथे डांबराची भट्टी सांभाळतो. थंडीनं काळं तेल घट्ट झालं होतं, नळीतून भट्टीत उतरत नव्हतं. म्हणून बानं तेलाच्या पिंपाखाली लाकडं पेटवली होती.

"बा, असं नको करू. वाफ पेटंल."

बा हसला. "हा पेट्रोल नाय, बाय. गरीब तेल हाय." त्यानं डब्याच्या झाकणात थोडं थंड तेल घेतलं आणि पेटती काडी त्यात टाकली. काडी विझली.

"कॉलेजात काळ्या तेलाला भ्यायला शिकवतात काय गं?" खडी पसरणारी एक काकी म्हणाली. सगळे हसले.

माझं काही चुकलं नव्हतं, तरी कान तापले. मी घाईघाईनं म्हणाले, "तसं ते सी वर्गात येतं. सगळ्यांत सुरक्षित."

"ऐकलं काय?" बा सगळ्यांना म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. त्यानं अजून दोन ओंडके आत सारले.

सुरक्षित होतं ते थंड तेल, आणि हे मला माहीत होतं. मी ते झाकण उचललं, पिंपापासून लांब नेऊन निखाऱ्यांवर ठेवलं. तेलातून वाफ निघायला लागल्यावर लांब काठीच्या टोकाला जाळ लावून वरून फिरवला. भप्पकन ज्योत उठली.

आता कोणी हसलं नाही. बानं एकेक ओंडका बाहेर ओढला, जाळावर माती टाकली. माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला चार माणसांत मीच खोटं पाडलं होतं.

पिंप उन्हात सरकवून सगळे तेल पातळ व्हायची वाट बघत बसले. तेवढ्यात मुकादम आला.

"भट्टी बंद का? झोपा काढताय का रे?"

मी सांगायला उठले. बानं माझा हात धरून मला खाली बसवलं. खरं कळलं असतं तर मुकादमानं पुन्हा जाळ लावायला लावला असता.

"लाकडं ओली व्हती, साहेब. पेटली नाय."

"एवढी वर्षं काम करतोस, साधा जाळ लावता येत नाही?"

बा मान खाली घालून उभा राहिला. मी भाकरीचं फडकं मांडीवर धरून जमिनीकडे बघत होते.

मुकादम गेल्यावर बा शेजारी येऊन बसला.

"किती तापल्यावर पेटतो म्हणालीस?"

"पासष्टच्या वर."

"म्हणजे पिंपाला हात लावून कसा कळंल?"

प्रयोगशाळेत थर्मामीटर होता. मी कधी हात लावून पाहिलं नव्हतं.