काळवीट आणि अंगठ्याएवढा बेडूक

थांबा, हे आत्ताच सांगते, नाहीतर राहून जाईल! कुंडीतली माती उकरली, ओला वास आला, आणि बहात्तरच्या दुष्काळातलं पारनेरकडचं तलाव खोदायचं काम आठवलं; आई-वडील तिथं मजुरीला होते. कोरड्या तळात एक दांडगं काळवीट पाण्यामागं पळून पळून मरून पडलं होतं. वडील म्हणाले, "उद्या गाव सोडू." तेवढ्यात आईच्या कुदळीखाली अंगठ्याएवढा बेडूक निघाला, जिवंत! खोली मोजायला खड्ड्यात मातीचा एक खुंट न खोदता ठेवायचे. आईनं त्याच्या बुडाशी बेडूक परत मातीत ठेवला. "ह्यो बगा, गप बसून जगलाय. आपून कुटं पळायचं?" "आता बेडकाचं ऐकायचं व्हय!" वडील हसले, पण थांबलो. त्याच उन्हाळ्यात माझा तान्हा भाऊ गेला. आई चुकली का, मला अजून सांगता येत नाही. जायचं की थांबायचं, असं तुमच्या घरी कधी झालंय का?