प्रणाली आणि ती चाळीस मिनिटं

प्रणालीला दवाखान्यात न्यायला मी चाळीस मिनिटं उशीर केला.

आज वर्ष झालं. दवाखान्यातल्या डॉक्टरांशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं.

नागपूरला आम्ही दोघी एकाच लॅबमध्ये पीएचडी करत होतो. मी भंडाऱ्याची, ती मोहाडीची. शनिवारी एकाच एसटीने घरी निघायचो.

तिला जन्मापासून सिकलसेल, रक्ताचा आजार. हाडं ठणकायची, ती गोळी घेऊन कामाला लागायची.

तिचं काम एएफएमवर. या मायक्रोस्कोपचं सुईहून बारीक टोक पृष्ठभागावरून रेघ-रेघ फिरतं आणि स्क्रीनवर चित्र उमटत जातं. अभ्रकाच्या चकतीवर स्फटिकांची पातळ फिल्म थरावर थर कशी चढते, ते तिला वाढता वाढता पकडायचं होतं.

आठ महिने फिल्म बिघडतच होती. त्या दुपारी पहिल्यांदा नीट वाढायला लागली.

आणि प्रणाली छाती धरून स्टूलवर बसली.

"चल, ऑटो बोलावते."

"थांब ना वं. स्कॅन होऊ दे. आता बंद केलं तर हे परत नाही भेटत."

"तुले श्वास घेता येऊन नाही राहिला!"

"नेहमीचंच हाये. तू स्क्रीन पाह्य. कशी चढून राहिली पाह्य."

मी पाहिलं. खरंच सुंदर होतं. एका थराची कड हळूच पुढे सरकत होती, आणि तो पुरा व्हायच्या आत त्याच्यावर दुसरा सुरू झाला होता.

दोघी बघत बसलो.

तिचं ठीक आहे. मी का बसले?

स्कॅन संपला तेव्हा तिला उठता येईना.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

"तेवढ्याने काही फरक पडला नसता," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

आज तिच्या वर्षाच्या कार्यक्रमाला मोहाडीला गेले होते. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. तिचे बाबा, तहसीलमधून रिटायर झालेले, जवळ येऊन बसले.

"बाई, माह्या पोरीनं काय काम केलं ते दाखव ना मले."

मी लॅपटॉप उघडला. त्यांनी चष्मा पुसला, लावला. खूप वेळ बघत राहिले.

"हे तिनंच काढलं?"

"हो काका. शेवटचं."

"तवा कशी होती ती?"

"खूश होती."

खोटं नाही बोलले. पण पुढचं तोंडातून निघालंच नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात मला सहन होईना.

इथे लिहिता आलं. त्यांना कसं सांगू, कळत नाही.

प्रणाली, सुखानं जा गं. तुझ्या आठवणीला भरल्या डोळ्यांनी वंदन.