खाटेखालच्या दोन विटा

मामीला शेवटचं पाहिलं तेव्हा तिच्या पायांशी बायकांची रांग लागली होती. नवऱ्याआधी गेली, सवाष्ण गेली, म्हणून गावातली प्रत्येक बाई येऊन तिच्या पावलांना हळदकुंकू लावत होती, कपाळ टेकवत होती. आजीनं स्वतः ती पावलं धुतली. ‘मोठी भाग्याची व माही सून,’ असं ती रडत म्हणत होती. मी भिंतीला टेकून उभी होते. पावलं अजून सुजलेलीच होती, जोडवी कातडीत रुतलेली. त्या घरात त्या पायांना कोणी हात लावताना मी पहिल्यांदाच पाहत होते...

मामाचं घर वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याच्या अलीकडे. पावसाळ्यात धान, बाकी वर्षभर नदीची आणि तलावाची मासोळी. मामा जाळं टाकायचा, मामी टोपलं घेऊन बाजारात बसायची. मी चंद्रपूरला इंग्रजी शाळेत वाढलेली, मुळातच कमी बोलणारी. आजोळी सगळे मला पाहुणीसारखं जपायचे, एकटी मामी सोडून. ती माझ्यासमोर मासे आणि राख ठेवायची. ‘भाचीबाई, मासोळीले इंग्रजी समजत नाई. घासा आता.’ आजोळच्या घरात मी मोकळेपणी हसले असेन तर तिच्यासमोरच.

मग तिचा चेहरा सुजायला लागला. आवाज घोगरा झाला, उन्हातही तिला थंडी वाजायची, आणि पाय तर संध्याकाळपर्यंत खांबासारखे व्हायचे. आमच्या भागात पाय सुजला की एकच नाव आधी तोंडात येतं. घाटावरच्या बायकांनी हत्तीपाय ठरवून टाकलं आणि त्यांची धुण्याची जागा जरा लांब सरकली. शेवटी आईनं तिला चंद्रपूरला आणलं. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, हत्तीपाय नाही, थायरॉईड आहे, गळ्यातली ग्रंथी कमी काम करते. मामी हसली. ‘म्हंजे आंगातलाच एक जण कामचोर निंगाला!’ रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, चहा तासाभरानं, आणि सूज उतरायला वेळ लागेल, तोवर दुपारी थोडं पडून पाय उंच ठेवायचे, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळी तिनं एक दिवसही चुकवली नाही. अडलं ते पायांपाशी.

घरात खाट एकच, ती सपरीत, म्हणजे बाहेरच्या पडवीत. आतल्या खोलीत खाली पडावं तर पायांकडे देव येत. बाहेर सासरे, म्हणजे माझे आबाजी. त्यांच्यासमोर सुनेनं पाय लांब करायचे नाहीत, उंच करणं तर दूरच. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. मग तिनं दोन विटा आणल्या, आवाज होऊ नये म्हणून त्यांना जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला, आणि आबाजी शेताकडे गेले की त्या खाटेच्या पायथ्याकडच्या खुरांखाली सारायची. जेमतेम डोळा लागायचा. आबाजींना अंगणात शिरताना खाकरायची सवय. ती खाकर ऐकली की मामी धडपडून उठायची, पाय खाली, पदर डोक्यावर. दुखऱ्या पायांवर वजन पडताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलंय. एकदा आजीनं तिला तसं पडलेलं पाहिलं. ‘काऊन व, कलेक्टरीनबाई! पाय वर करून झोपली? सासरा येऊन राह्यला, दिसत नाई का तुले?’ मामीनं उठून विटा काढल्या. नंतर मासे घासताना मला म्हणाली, ‘तुमच्या डॉक्टरले इचारा भाचीबाई, सासऱ्यासमोर पाय वर कराची बी काही गोळी भेटते का.’

गोळ्यांनी चेहऱ्याची सूज उतरली, आवाज परत आला. पायांची सूजही कमी झाली होती... मग एकच पाय, डावा, पुन्हा सुजला. पोटरी गरम लागायची, चालताना कळ यायची. तिनं मामाला सांगितलं, माझ्यासमोर. जाळं शिवता शिवता तो म्हणाला, ‘थायराइड हाय ना तुले? गोळी खाऊन राह्यली ना? मंग उतरन.’ आधी सगळ्या सुजेला हत्तीपाय म्हणत होते, आता सगळ्या दुखण्याला थायरॉईड. तो पाय लुगडं वर करून कोणी पाहिला नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी टोपल्याजवळ बसल्या बसल्या तिला दम लागला आणि दवाखान्यात पोचायच्या आत ती गेली. पायात रक्ताची गाठ झाली असेल, ती फुफ्फुसात गेली असेल, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

विटांवर पाय ठेवून ती वाचली असती असं मी म्हणत नाही. डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण ज्या आरामाला एक रुपया लागत नव्हता, तो तिला चोरून घ्यावा लागला, आणि तिच्या पायांपुढे डोकं टेकायला सगळं गाव आलं. ‘भाग्याची’ हा शब्द आता कोणी उच्चारला की मी उठून आत जाते.

मागच्या आठवड्यात आजोळी गेले होते. आबाजींचे पाय सुजलेत. वयाचं आहे, घाबरण्यासारखं काही नाही, पाय उंच ठेवा, असं तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. मामानं कोपऱ्यातून त्याच दोन विटा आणून खाटेच्या पायथ्याला लावल्या. आजीनं त्यांच्या टाचांखाली उशी सरकवली. सपरीतून शेजारच्या सुना-लेकी येत-जात होत्या, आणि आबाजी त्यांच्याकडे पाय उंच करून आरामात पडले होते. मला पाहून म्हणाले, ‘ये बाई, बस. लय बरं वाट्टे असं. आधी कोनं सांगतलंच नाई.’

मी बसले. विटांवरचा हिरवा तुकडा कोणी सोडलेला नव्हता. बाहेर कुणाची तरी सायकल वाजली, आणि आबाजी सवयीनं खाकरले. माझं लक्ष नकळत खाटेच्या पायथ्याकडे गेलं.

पाय तिथंच होते.