भरीव चाकाची सायकल

गुणाजी राऊळला सायकल धड चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चढायचा व्यवस्थित, पण उतरायला त्याला फुटपाथ लागायचा. तरीही गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षी, लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून, पुढच्या शतकातली शर्यतीची सायकल कशी दिसेल हे मुंबईत फक्त आपल्याला कळलंय अशी त्याची पक्की समजूत झाली होती. गंमत म्हणजे ती समजूत फारशी चुकीची नव्हती. साफ चुकीची असती तर त्याच्या भावाचं, शिवाचं, भलं झालं असतं.

गुणाजी मिलमध्ये होता, पण साच्यावर, म्हणजे मागावर, नव्हता. तो डिझाइन खात्यात. साडीच्या काठावर कोयरी कुठे, मोर कुठे, हे बारीक चौकटींच्या कागदावर एकेक घर रंगवून काढायचं आणि तो कागद पुढे पाठवायचा, की साच्यावर तशीच नक्षी उठायची. साळखात्यातले विणकर पाळी सुटल्यावर केसांत, भुवयांत कापसाचा तूस घेऊन बाहेर यायचे, आणि हा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन्सिल लावून. ‘साहेब निघाले,’ असं कुणीतरी मुद्दाम ऐकू येईल असं म्हणायचं. गुणाजीला राग यायचा नाही. खरं म्हणजे त्याला ते आवडायचं.

संप झाला आणि साहेबांची मोठी पंचाईत झाली. सुरुवातीचे दिवस सभांमध्ये आणि घोषणांमध्ये गेले. मग लोक आपापल्या मार्गाला लागले. कुणी भायखळ्याहून भाजी आणून दारोदार विकू लागलं, कुणी बायकापोरांना घेऊन कोकणात परत गेलं. गुणाजीला यातलं काहीच जमेना. त्याच्या बोटांना चौकटीत रंग भरण्यापलीकडे काही ठाऊकच नव्हतं. हळूहळू त्याने सभांना जाणं सोडलं, दाढी सोडली, शेवटी बोलणंही सोडलं. सकाळी उठायचा, तोंड धुवायचा आणि भिंतीकडे तोंड करून परत आडवा व्हायचा. त्याची बायको तुळसा घरोघरचे मसाले कुटून द्यायची. मुसळाचा आवाज दिवसभर त्याच्या कानाशी चालायचा आणि हा ढिम्म हलायचा नाही. माणूस असा घरातल्या घरात विझत जातो तेव्हा त्याच्यावर ओरडताही येत नाही.

घरात तिसरा होता शिवा, गुणाजीचा धाकटा भाऊ. तोही त्याच मिलमध्ये, पण बदली कामगार. संप मिटला तरी त्याला परत बोलावतील याची काही खात्री नव्हती. पण शिवाचे पाय विलक्षण होते. कामगारांच्या सायकल शर्यतींत तो नेहमी पहिल्या काही जणांत यायचा, आणि त्या हिवाळ्यात वरळीला राज्याच्या संघासाठी निवड शर्यत होणार होती. संघात नाव लागलं की एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी नक्की, असं त्या खात्यातल्या माणसाने स्वतः येऊन सांगितलं होतं. पर्मनंट नोकरी. त्या खोलीत आशा म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू उरली होती, आणि ती शिवाच्या दोन पायांवर उभी होती.

शर्यत होती घड्याळाशी. सगळे एकदम सुटायचे नाहीत. एकेकट्याने निघायचं, समुद्राकाठच्या रस्त्याने जाऊन, वळसा घालून परत यायचं, आणि ज्याला सगळ्यांत कमी वेळ लागेल तो पहिला. अशा शर्यतीत पुढच्याच्या आडोशाला लपता येत नाही. वारा एकट्याने कापायचा.

शिवाने एक दिवस गिरगावातल्या रद्दीवाल्याकडून एक परदेशी मासिक आणलं. त्यात पुढच्या काळातल्या सायकलींची चित्रं होती. कुणी बनवलेल्या नव्हेत, नुसत्या कल्पलेल्या. हँडल गुडघ्यांपर्यंत खाली आलेलं, दांडा मधोमध वाकलेला आणि दोन्ही चाकं जेवणाच्या ताटासारखी भरीव. शिवाने मासिक गुणाजीच्या उशाशी टाकलं आणि तो सरावाला निघून गेला. परत आला तेव्हा गुणाजी उठून बसलेला होता.

“ह्या चाकांना आरे का नाहीत, कळलं तुला?” त्याने विचारलं. कित्येक आठवड्यांत घरात त्याचा आवाज ऐकू आला नव्हता. मुसळ हातात धरून तुळसा तशीच थांबली. “आरे हवा घुसळतात रे. ताक घुसळल्यासारखी. तुझी निम्मी ताकद त्यातच जाते.”

त्यानंतर गुणाजी राऊळ सुटलाच. मिलमधले चौकटींचे उरलेले कागद त्याने ट्रंकेतून काढले. मासिकातली सायकल त्याला लवकरच जुनाट वाटू लागली. त्याने स्वतःच्या काढल्या. एकीत स्वार पालथा झोपलेला, एकीत चाकांवर झाकण, एकीला दांडाच नाही. पुढून येणारा वारा तो निळ्या पेन्सिलीने दाखवायचा. साडीच्या पदरावर दोरे असावेत तशा त्या निळ्या रेघा समोरून येऊन, स्वाराच्या पाठीवरून घसरून, मागे निघून जायच्या. चाळीतली माणसं येऊन बघून जायची. तुळसाने भिंतीवर चित्रं लावायला खिळे ठोकू दिले, यावरून काय ते समजा.

पण चित्रावर त्याचं समाधान होईना. त्याला शिवासाठी खरी सायकल हवी होती. नवी कुठून आणणार? मग शिवाचीच कापायची ठरलं.

तुळसा मध्ये पडली. “तेची सायकल कापतलास? आणि ह्यां नाय चालला तर? एकच तर आसा तेच्याकडे.”

“वहिनी, कापू दे,” शिवा म्हणाला. “दादाचं डोकं आहे.”

भायखळ्याच्या एका गॅरेजमध्ये चिंतामणी नावाचा वेल्डर गुणाजीच्या ओळखीचा होता. त्याने सायकलचा पुढचा भाग कापून खाली आणला आणि हँडलच्या जागी पुढे निघालेली दोन शिंगं बसवली. त्यांच्यावर कोपरं टेकून शिवा असा काही वाकायचा की मागून नुसती पाठ दिसावी. चाकांचं काम गुणाजीने स्वतःच्या हाताने केलं. दोन्ही चाकांवर दोन्ही बाजूंनी मांजरपाट ताणून शिवला, त्यावर सरसाचे हात दिले आणि वरून व्हार्निश. वाळल्यावर बोटाने टिचकी मारली की डफासारखा आवाज यायचा. मग पांढऱ्या चाकांच्या कडेने त्याने कोयऱ्यांची ओळ रंगवली. राहवलं नाही त्याला.

चाचणी झाली दोन बंद मिलच्या भिंतींमधल्या बोळात. लांबच लांब, सरळ बोळ. दोन्हीकडे इतक्या उंच भिंती की समोरून येईल तेवढाच वारा. शिवा सुसाट आला, हातगाडीवर उभ्या असलेल्या गुणाजीच्या शेजारून गेला, तेव्हा कोयऱ्यांची नुसती लाल रेघ दिसली. चाळीतल्यांनी शिट्ट्या मारल्या. दोघा-तिघांनी गुणाजीला खांद्यावर घेतलं.

इथेच सगळं फसलं होतं, पण ते त्याला कळणार कसं? या माणसाची सगळी उमर मिलमध्ये गेलेली. साळखात्यात खिडक्या उघडायच्या नाहीत हा तिथला पहिला नियम. वारा आला की सूत सुकतं, तुटतं. चुकून कुणी तावदान उघडलं तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आईबहिणीवरून शिव्या घालायचा. वारा म्हणजे आपण पळताना तोंडावर येतो तो, एवढीच गुणाजीची वाऱ्याशी ओळख होती. वारा बाजूनेही येतो आणि भरीव चाकाला शिडासारखा धरतो, हे कुठल्याही कोळ्याच्या पोराने सांगितलं असतं. गुणाजीच्या कागदावर निळी रेघ आडवी कधी आलीच नाही.

शर्यतीच्या सकाळी गुणाजीने गुळगुळीत दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट घातला. वरळीला पोचले तेव्हा समुद्र शांत होता, झाडाचं पान हलत नव्हतं. सायकलीभोवती ही गर्दी जमली. कोण हसत होतं, कोण चाकावर टिचक्या मारत होतं. गुणाजी प्रत्येकाला समजावून सांगत होता. आयुष्यात एवढं महत्त्व त्याला कुणी दिलं नव्हतं. कठड्याजवळच्या बाकावर बसून तुळसा लांबूनच बघत होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती.

पण शर्यत सुरू होईना. उद्घाटनाला कुणी बडे पाहुणे यायचे होते आणि ते यायलाच तयार नव्हते. आले तर त्यांनी भाषण केलं. हार, नारळ, पुन्हा भाषण. ऊन चढलं, समुद्रावरून वारा सुटला, पताका फडफडायला लागल्या. पहिला स्वार निघाला तेव्हा दुपार झाली होती. शिवाचा नंबर बराच मागे.

“दादा,” शिवा हळूच म्हणाला, “आज पुढे साधं चाक लावू या का? त्या दादरवाल्या पोराकडे जास्तीचं आहे. देतो म्हणाला.”

“का?” गुणाजीचा चेहराच पडला. “वारा आहे म्हणून? अरे, वाऱ्यासाठीच तर हे केलंय! आता बघ तू.”

शिवाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. “असू दे,” तो म्हणाला. “असू दे, मी आपला सहज म्हटलं.”

जाताना तो छान गेला. इमारतींच्या आडोशापर्यंत कुणी त्याच्या जवळपास येईल असं वाटेना. पुढे रस्ता उघडा झाला आणि वाऱ्याने पुढचं चाक हातात धरल्यासारखं वळवलं. शिवाने हँडल खेचून सरळ केलं. पुन्हा वळलं. तिसऱ्यांदा तो दगडी कठड्यावर जाऊन आदळला. लोक धावले. गुणाजी पोचला तेव्हा शिवा रस्त्यावर बसला होता, एक हात विचित्र लोंबत होता, आणि मांजरपाटाचं चाक फाटून वाऱ्यावर फडफडत होतं.

खांद्याचं हाड नीट जुळलंच नाही. डावा हात त्यानंतर डोक्याच्या वर गेला नाही. संघात दुसऱ्यांची नावं लागली, नोकरीही त्यांच्यापैकी कुणाला तरी लागली. संप कधी संपला हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण तो तसा संपलाच नाही. काही मिल चालू झाल्या, काही भंगारात गेल्या. गुणाजीचं खातं उघडलं नाही. तो परळला एका झेरॉक्सच्या दुकानात लागला आणि उरलेली उमर दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला काढत राहिला. शिवा वॉचमन झाला. लग्न झालं नाही. अधू हाताच्या वॉचमनला मुलगी कोण देणार?

गुणाजी मात्र कुणी भेटलं की एकच गोष्ट सांगायचा. ते पाहुणे वेळेवर आले असते तर! सकाळच्या शांत हवेत शिवा पहिला आला असता. माझी सायकल चुकली नाही, माझ्या भावाचा घात त्या भाषणांनी केला. हे सांगताना त्याचा आवाज चढायचा. त्याच्यावर तो जगत होता म्हणा ना.

पुढे त्यांच्याच मिलच्या जागेवर मॉल झाला आणि शिवाला तिथेच सिक्युरिटीची ड्युटी लागली. दुपारी तुळसाने बांधून दिलेला डबा गुणाजी घेऊन जायचा. दोघेही आता म्हातारे. एक दिवस शिवा त्याला म्हणाला, “चल, तुला एक गंमत दाखवतो.” वरच्या मजल्यावर सायकलींचं शोरूम होतं. काचेच्या मागे, दिव्यांच्या उजेडात एक काळी सायकल उभी होती. पुढे निघालेली दोन शिंगं, खाली आलेला दांडा. मागचं चाक भरीव.

गुणाजी काचेला नाक लावून उभा राहिला. डोळे भरून आले त्याचे. मग त्याची नजर पुढे गेली.

“पुढचं चाक आऱ्यांचं ठेवलंय,” तो म्हणाला. “म्हणजे बाजूचा वारा—”

“आरपार जातो,” शिवा म्हणाला. “हँडल ओढत नाय.”

गुणाजी वळला. “तुला काय ठाऊक?”

“ठाऊक म्हणजे, शर्यतीच्या आदल्या दिवशी मी सायकल वरळीला घेऊन गेलो होतो ना. दुपारचा. दोनदा पडलो.”

“आदल्या दिवशी?”

“हां.”

“आणि मला बोलला नाहीस? अरे, साधं चाक लावलं असतं!”

“तू तेव्हा कसा होतास, आठवतंय का तुला, दादा?” शिवाच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच वाईट होतं. “वर्षभर आडवा पडून होतास. वहिनी रात्री माझ्याजवळ येऊन रडायची, म्हणायची, हे असेच जायचे. आणि मग तू उठलास, जेवायला लागलास. मी येऊन सांगू, तुझं चाक चुकलं म्हणून? मी म्हटलं, सकाळची शर्यत, सकाळी वारा पडलेला असतो. निभेल.”

“तुझी नोकरी होती रे ती.”

“होती.”

“मला सांगायचंस, शिवा.”

“सांगितलं असतं तर तू परत पेन्सिल हातात घेतली असतीस?”

खालून सुपरवायझरने शिवाला हाक मारली. शिवाने टोपी नीट केली आणि उजव्या हाताने डबा उचलला.

“घेतली तर मी तशीही नाही,” गुणाजी म्हणाला. “त्या दिवसापासून एक रेघ ओढली नाही.”

“व्हय,” शिवा म्हणाला. “ता माका तेवा खंय ठाऊक होता.”